तगाई ते वाडी : आदिवासी शेतकऱ्याला मिळालेल्या मदतीचा इतिहास

तगाई हा शब्द आता नव्या पिढीच्या तोंडी फारसा राहिलेला नाही. परंतु गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याजवळ तो काढून पाहा. तगाईची विहीर, तगाईचे बैल, तगाईचा हप्ता, असे एकेक त्याला आठवू लागेल. ऐकताना वाटते, हा शब्द आपल्या ‘तगणे’ ह्या क्रियापदावरूनच निघाला असावा. पण तसे नाही. तो मूळचा अरबी, फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘बळ देणे’ असा आहे. बियाण्यासाठी, बैलांसाठी, विहिरीसाठी सरकारने शेतकऱ्याला जी रक्कम आगाऊ द्यायची, ती तगाई.

बळ देणे आणि तगणे! ह्या दोन शब्दांमध्ये आजच्या भाषणाचा सारा विषय आला. दिलेल्या बळाने शेतकरी तगतो का? आणि तगत नसेल, तर ते बळ जाते कुठे? हा प्रश्न सगळ्याच शेतकऱ्यांच्या बाबतीत विचारता येईल. आज मात्र आपण तो भिल्ल, वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी अशा डोंगरातल्या शेतकऱ्यांपुरता विचारू. कारण त्यांना मदत देण्याचे प्रयोग आपल्याकडे गेली दोनशे वर्षे चालले आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम एक जुना दाखला पाहू. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्याला एक पत्र पाठविले. शिक्षक बंधुभगिनींना ते ठाऊक असेलच. त्यातला आशय असा की, गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, कोणापाशी माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती, ते पाहावे. ज्याच्या अंगी शेत करण्याची ताकद आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी पैसा द्यावा आणि खाण्यासाठी धान्य द्यावे. त्यावर वाढीदिढी घेऊ नये. मुद्दल तेवढे, त्याला ऐपत येईल तसतसे, हळूहळू वसूल करावे. हे पत्र कोकणच्या कुणब्यांविषयी आहे, आदिवासींविषयी नव्हे. पण मदत कशी द्यावी ह्याची तीन सूत्रे त्यात सापडतात. माणूस पाहून द्यावी, बैलाबरोबर पोटाचीही सोय करावी, आणि परतफेड त्याच्या ऐपतीप्रमाणे घ्यावी. ही तीन सूत्रे ध्यानात ठेवा. पुढच्या दोनशे वर्षांत जिथे ती पाळली गेली तिथे काम झाले, आणि जिथे मोडली तिथे ते फसले.

आता खानदेशात येऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. होळकरांच्या फौजांची १८०२ ची धामधूम आणि पाठोपाठ पडलेला दुष्काळ ह्यांनी खानदेश आधीच उजाड झाला होता. गावेच्या गावे ओस पडली होती. पूर्वी गावाची राखण करून आपले हक्क घेणारा भिल्ल ह्या धामधुमीत डोंगरात गेला आणि लूटमारीवर जगू लागला. इंग्रजांनी पहिली सात वर्षे त्याच्या मागे पलटणी धाडल्या. पण सातपुड्याच्या हिवतापात शिपाईच आजारी पडू लागले आणि भिल्ल काही हाती लागेनात.

तेव्हा १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांनी धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या : एक वायव्येला, एक ईशान्येला आणि एक दक्षिणेला. दक्षिणेकडच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते. धरणगावला आउट्रॅम ह्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभी केली. जे शेती करायला तयार होते त्यांना पडीत जमिनी दिल्या, मागचे गुन्हे माफ केले, आणि बैल, बियाणे व अवजारे ह्यांसाठी तगाई दिली. सारा काही वर्षे माफ ठेवला.

ह्यामागे भिल्लांविषयी फार मोठा कळवळा होता असे समजण्याचे कारण नाही. मुलखात शांतता हवी होती आणि पडीत जमिनीतून पुढेमागे सारा हवा होता. पण काम झाले, ही गोष्ट खरी. का झाले? तर नुसता पैसा दिला नाही म्हणून. पैशाबरोबर जमीन दिली, वेळ दिला, आणि तंटा निघाला तर ऐकून घेणारा माणूस जवळ ठेवला. डोंगरातली कुटुंबे खाली उतरली आणि नांगर धरू लागली.

मग ते टिकले का नाही? त्याची कारणे एकामागून एक पाहू.

पहिले कारण, जमिनीला किंमत आली. १८५२ च्या सुमारास खानदेशात सरकारी पाहणी सुरू झाली. जमिनीची मोजणी होऊन रोख सारा ठरला आणि जमीन ही गहाण टाकण्याची, विकण्याची वस्तू झाली. पुढे रेल्वे आली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या रानाला १८२५ साली कोणी विचारीत नव्हते, त्यावर आता सावकाराची नजर गेली. भिल्लापाशी कागद वाचण्याची विद्या नव्हती. अंगठा उठला की जमीन गेली! पुष्कळ ठिकाणी तो आपल्याच शेतात सालदार म्हणून राबू लागला.

दुसरे कारण, जंगल बंद झाले. १८७८ च्या वनकायद्याने मोठमोठी राने सरकारने राखून ठेवली. डोंगरातल्या शेतकऱ्याला जंगल म्हणजे नुसती लाकूडफाटी नव्हे, तर त्याच्या शेतीचाच तो एक भाग. ठाणे-कुलाब्याकडचा राब घ्या. भाताच्या रोपासाठी जी जागा धरायची, तिच्यावर उन्हाळ्यात झाडांच्या बारक्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण ह्यांचे थर घालून वर थोडी माती पसरतात आणि पावसाआधी ते पेटवून देतात. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत होते आणि रोप जोमाने वर येते. आता पाला तोडायलाच बंदी झाल्यावर राब कसा भाजायचा? तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्याच्या जंगलांविषयी चौकशीसाठी एक कमिशन नेमावे लागले. काही सवलती मिळाल्या. पण जे आजवर हक्काने घेत होतो ते आता परवानगीने घ्यायचे, हा फरक कायमचा राहिला.

तिसरे कारण, तगाई कागदात अडकली. १८८३ साली जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा झाला, तो विहीर, बांध अशा कायमच्या कामांसाठी. १८८४ साली दुसरा कायदा झाला, तो बैल, बियाणे अशा हंगामी गरजांसाठी. कायदे चांगलेच होते. पण तगाईला तारण हवे आणि तारण म्हणजे बहुधा जमीन. जो कुळ म्हणून कसतो, किंवा जंगलातला तुकडा वहिवाटतो, त्याच्या नावावर जमीन कुठली असणार? शिवाय अर्ज करा, तलाठ्याचा दाखला आणा, कचेरीत खेटे घाला. मृग निघून जाई, तरी मंजुरी येत नसे. आणि वसुली मात्र सरकारी साऱ्याच्या थकबाकीसारखी, ठरल्या तारखेला! सावकार लबाड असेल, पण रात्री दार ठोठावले तरी दाणे देत असे. म्हणून माणूस त्याच्याकडे जाई.

आणि जाई ते बहुतेक खाण्यासाठीच. ह्यालाच खावटी म्हणतात. आषाढ-श्रावणात घरची कणगी रिकामी होते. शेतात राबायचे दिवस तेच, आणि उपासाचे दिवसही तेच. तेव्हा धान्य उसने आणायचे आणि दिवाळीला पीक आले की दिढीने फेडायचे. मुलांकडून वर्गात करून घेण्याजोगे हे गणित आहे. समजा, आषाढात दोन मण नाचणी आणली. दिवाळीला तीन मण द्यायची. म्हणजे चार महिन्यांत शेकडा पन्नास आणि वर्षाच्या हिशोबाने शेकडा दीडशे झाले. ह्याच्यावर कडी म्हणजे, आषाढात धान्य महाग असते आणि दिवाळीला स्वस्त. सावकाराने घेताना रुपये लिहिले आणि फेडताना धान्य मागितले, तर दोन मणांचे चार मणही होत. मग पुढच्या आषाढात कणगी आणखी लवकर रिकामी. बैलासाठी दिलेली तगाई अशा वेळी काय करणार? बैल विकून दाणे आणावे लागत.

जमीन जाते हे सरकारलाही दिसत होते. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाचा कायदा दुरुस्त केला आणि काही जमिनी विकता-गहाण टाकता येणार नाहीत अशा अटीवर देण्याची सोय केली. ‘नवी शर्त’ म्हणून सातबाऱ्यावर जो शेरा दिसतो त्याची कुळकथा ही. ह्या दुरुस्तीला विधिमंडळात मोठा विरोध झाला. फिरोजशहा मेथा सभात्याग करून बाहेर पडले आणि गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या बाजूने उभे राहिले. जमिनीचा मालक सरकारच होऊन बसेल आणि शेतकऱ्याची पत बुडेल, असे ह्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. विकायची मोकळीक दिली तर जमीन जाते. मोकळीक काढली तर कर्ज मिळत नाही. ही गाठ आजही पुरती सुटलेली नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ आले. त्या काळात सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी केली. त्याचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. खावटीचे कर्ज, सावकाराचे हिशोब, आणि ठाणे जिल्ह्यातले लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर वेठीला लागलेले जोडपे, हे सारे त्यात सरकारी कागदावर आले. पुढे १९४५ साली वारली उठले. वेठ आणि लग्नगडी ह्यांविरुद्धच्या त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मदतीच्या इतिहासात हा लढा का सांगायचा? कारण वेठीला लागलेल्या माणसाला बियाणे देऊन उपयोग नसतो. त्याला पेरणीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर जावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवसापासून कुळे मालक झाली. परंतु कागदोपत्री मालक होणे वेगळे आणि जमीन हातात राहणे वेगळे. ज्या खानदेशात भिल्लांना जमिनी देऊन वसविले होते, त्याच खानदेशात १९७१-७२ साली शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराज आणि त्यांच्या बरोबरीचे कार्यकर्ते ह्यांना गेलेल्या जमिनी परत मागण्यासाठी उभे राहावे लागले. चक्र पुन्हा तिथेच आले होते.

ह्या साऱ्याचा परिणाम म्हणून पुढल्या काही वर्षांत महत्त्वाची पावले पडली. १९७४ साली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक बंधन आले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या मुदतीत गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. १९७२ साली सहकारी आदिवासी विकास महामंडळ निघाले. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात ठराविक शेतमालाची आणि वनोपजाची खरेदी ह्या यंत्रणेकडे आली, आणि खासगी सावकारीला आळा घातला गेला. १९७८ पासून सरकारच खावटी कर्ज देऊ लागले. श्रावणातली भूक हीसुद्धा शेतीच्या भांडवलाचाच प्रश्न आहे, हे सरकारने मान्य केले ते अशा रीतीने. आणि २०२० साली, साथीच्या दिवसांत, हे कर्ज अनुदान झाले. कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, परतफेड नाही.

आता वाडीकडे वळू. कोकणात वाडी म्हणजे वस्ती आणि वाडी म्हणजे बागही. गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई ह्यांनी पुणे जिल्ह्यातल्या उरुळीकांचनला १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. ह्या संस्थेने १९८२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेत वांसद्याच्या डोंगराळ भागात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीचे काम सुरू केले. तेच पुढे आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला आले.

वाडी कशी उभी राहते ते नीट समजून घेण्याजोगे आहे. साधारण एकरभर उताराची, वरकस जमीन घ्यायची. आधी उताराला आडवे बांध किंवा चर घालून माती अडवायची. उन्हाळ्यात खड्डे खणून ते शेणखत व माती घालून भरायचे, आणि पावसाळा सुरू झाला की आंबा-काजूची कलमे लावायची. कडेने निरगुडी, घायपात, सागरगोटा अशांचे जिवंत कुंपण करायचे, म्हणजे गुरे शिरत नाहीत आणि तारेचा खर्चही नाही. कलमांच्या मधल्या जागेत पहिली काही वर्षे नाचणी, वरई, उडीद, भाजीपाला घ्यायचा. खरी कसोटी पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांची. कावडीने पाणी आणून एकेक कलम जगवावे लागते. चार-पाच वर्षांनी फळ धरू लागते.

शिवाजी महाराजांच्या पत्रातली तिन्ही सूत्रे इथे दिसतात ती पाहा. माणूस पाहून मदत दिली, कारण कलमे कुटुंबाने स्वतः लावायची आणि जगवायची. पोटाची सोय केली, कारण मधल्या पिकाने घरात दाणे येतात. आणि घाई केली नाही, कारण झाडाला लागतो तेवढा काळ मदतीलाही दिला. जव्हार-मोखाड्याकडे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. त्याला तिकडे ‘जगायला जाणे’ म्हणतात. शब्द ऐकूनच पोटात कालवते! ज्यांची वाडी उभी राहिली, त्यांना उन्हाळ्यात कलमांना पाणी घालायला कोणीतरी घरी राहावेच लागले, आणि हळूहळू राहणे परवडूही लागले.

नाबार्ड ह्या राष्ट्रीय बँकेने जर्मनीच्या साहाय्याने हे काम १९९५ पासून गुजरातेत आणि २००० पासून महाराष्ट्रात वाढविले. २००३-०४ साली तिने ५० कोटी रुपयांचा आदिवासी विकास निधी काढला आणि वाडीचा कार्यक्रम देशभर नेला. अर्थात वाडी म्हणजे काही जादू नव्हे. जिथे पाण्याचा विचार झाला नाही तिथे कलमे वाळतात. आणि फळाच्या भरवशावर नाचणी-वरई सोडली, तर बाजार पडला की घर पडते.

जमिनीच्या कागदाचा प्रश्नही काहीसा पुढे गेला. २००६ साली संसदेने वनहक्काचा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत होता त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळण्याची सोय झाली. हा हक्क विकता येत नाही, पण वारसाने मुलांकडे जातो, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. १८७८ साली जे परवानगीचे झाले होते ते पुन्हा हक्काचे होण्याची ही वाट आहे. कागदावाचून मदत कशी अडते, ते आजच्या योजनांतही दिसते. महाराष्ट्रात बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना सुरू झाली तेव्हा आदिवासी शेतकऱ्याला नव्या विहिरीसाठी अडीच लाख रुपये अनुदान ठेवले होते. पण नावावर निदान एक एकर जमीन आणि तिचा उतारा हवा. म्हणून उतारा आधी, विहीर मग.

शेवटची गोष्ट बियाण्याची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्या महादेव कोळी समाजातल्या. शाळेचे शिक्षण नाही. पण वाल, भात, भाज्या ह्यांचे गावठी वाण त्यांनी गोळा केले, जपले, आणि शेजारणींना पेरायला दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. दोनशे वर्षे आपण आदिवासी शेतकऱ्याला बी द्यायला निघालो होतो. इथे तो बी देणारा ठरला. डोंगरउतारावर कमी मातीत, स्वतःच्या पावसावर कोणते वाण तगते, हे ज्ञान त्याच्यापाशी होतेच. राबाचे ज्ञान जसे होते, तसेच हेही. मदत देणाऱ्याने ते विचारले नाही, एवढेच.

तेव्हा श्रोतेहो, गावात एखादी योजना आली की ग्रामसभेत चार प्रश्न जरूर विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे? मदत पेरणीआधी हातात पडेल का? श्रावणात खाण्याची सोय काय? आणि इथले बियाणे, इथली पद्धत जाणणाऱ्या माणसाला कोणी विचारले का? ह्या चारांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर दिलेला पैसा सावकाराच्या किंवा दलालाच्या दारी जाण्याचा संभव फार.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेतल्या मुलांकडून घरच्या आजी-आजोबांना विचारून भाताच्या, नाचणीच्या, वालाच्या जुन्या वाणांची नावे एका वहीत उतरवून घ्या, आणि ज्याचे बी अजून घरात आहे त्यापुढे खूण करा. ही वही ग्रामसभेत नेऊन ठेवा. पुढची मदत कुठून सुरू करायची, ते तिच्यावरून समजेल.